दवाखान्यात आपलं माणूस गेलं आणि मनात शंका आहे: काय करायचं, कुठे जायचं

काचेच्या पेटीतलं तान्हं बाळ, स्मृतिभ्रंश झालेली आजी, मनोरुग्णालयात भरती केलेला भाऊ, बोलता न येणारी बहीण. अशी माणसं उपचार चालू असताना गेली, की नेमकं काय झालं हे सांगायला कुणी उरत नाही. धडधाकट पेशंट निदान दुसऱ्या दिवशी सांगतो, "रात्री तीनदा बेल मारली, कुणी आलं नाही." यांच्या बाबतीत ते फक्त कागदावर सापडतं, आणि कागद असतात दवाखान्याच्या कपाटात. म्हणून या लेखात कलमांपेक्षा कागदांवर जास्त भर आहे. कलमं वकील सांगतील. कागद मात्र पहिल्या काही दिवसांत घरच्यांनाच मिळवावे लागतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. प्रत्येक मृत्यूमागे हलगर्जीपणा नसतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ किंवा सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेली ऐंशीची आजी सगळं नीट करूनही जाऊ शकते. डॉक्टरचा अंदाज चुकला, एवढ्यावर कायदा त्याला दोषी धरत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते इथे झालं का, हा कायद्याचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर कधीकधी "हो, झालं" असंही येतं. तेही कागद हातात आल्यावरच कळतं.

लेख महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून आहे. केंद्राचे कायदे गोव्यातही तेच आहेत, कार्यालयं वेगळी.

मृतदेह ताब्यात घेण्याआधी

सगळ्यात अवघड निर्णय सगळ्यात आधी घ्यावा लागतो: पोस्टमॉर्टेम (पीएम) करायचं का? घरात कुणीतरी म्हणतंच, "गेलं ते गेलं, आता चिरफाड कशाला?" बाळ असेल तर आजी-आजोबा अडून बसतात. त्यांचं चुकत नाही. पण शंका असेल आणि अंत्यसंस्कार उरकले, तर मृत्यूच्या कारणाबद्दलचा शरीरातला पुरावा कायमचा गेला. पुढे न्यायालयात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: "पीएम का केलं नाही?" पीएम नसेल तर केस बुडतेच असं नाही, कागदांवरही ती उभी राहते. मात्र ती लंगडी होते.

त्यासाठी दवाखाना ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे लेखी अर्ज द्या. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार मरणोत्तर पंचनामा करतात. अर्जात या गोष्टी स्पष्ट लिहा:

– उपचार ज्या रुग्णालयात झाले तिथे पीएम नको. दुसऱ्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात, शक्यतो एकापेक्षा जास्त डॉक्टरांकडून व्हावं.
– चित्रीकरण व्हावं.
– व्हिसेरा (आतल्या अवयवांचे भाग) आणि अवयवांच्या पेशींचे नमुने तपासणीसाठी राखून ठेवावेत.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल तर पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर बेडसोअर (पडून राहिल्याने झालेल्या जखमा) आहेत का, मनगटावर बांधल्याचे वळ आहेत का, सलाइनची जागा सुजलेली, काळी पडलेली आहे का, हे सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. नसेल तर तिथेच सांगून लिहून घ्या. मृतदेह हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नकोसं वाटतं, तरी काढा.

औषध किंवा सलाइन दिल्यावर तासाभरात तब्येत ढासळली असेल, तर बाटली कुठे आहे ते पोलिसांना विचारायला सांगा. बॅच नंबर महत्त्वाचा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्यात डॉक्टरांच्या निदानाचा काही संबंध नव्हता. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचं सगळं बाहेर आलं.

बिल थकलंय म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. २०२१ च्या सुधारित महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत हे स्पष्ट आहे. "नियम दाखवा" म्हणाले तर रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही त्याच नियमांनी बंधनकारक केलंय, तिकडे बोट दाखवा. तरी ऐकत नसतील तर पोलिसांना बोलवा.

आणि काच फोडू नका. कुणाच्या कॉलरला हात घालू नका. राग खरा असतो, पण २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला किंवा तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. घरातला कमावता मुलगा आरोपी झाला की मूळ तक्रार बाजूला पडते, आणि वर्षभराने तीच तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात तडजोड होते. गावचे पुढारी किंवा नगरसेवक सोबत आले तर त्यांनाही हे सांगा. ते घोषणा देऊन घरी जातात, गुन्हा तुमच्यावर राहतो.

कागद मिळवणं

लवकरात लवकर हा अर्ज द्या. डेथ समरीवर समाधान मानू नका, ती मागाहून लिहिलेली असते.

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. माझी आई, नाव अमुक, आंतररुग्ण क्रमांक अमुक, आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून दाखल होती व अमुक तारखेस तिचा मृत्यू झाला. तिच्या संपूर्ण इनडोअर केस पेपरची साक्षांकित प्रत मिळावी. त्यात दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट, औषध चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट, संमतीपत्रे, शस्त्रक्रिया व भूल यांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे व स्कॅन, रेफरल पत्रे आणि मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा समावेश असावा. तसेच अमुक वॉर्डाचे या काळातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. प्रतींचे शुल्क भरण्यास मी तयार आहे."

दोन प्रती न्या, एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. आवकमध्ये कुणी पोच देईना तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि शिवाय ईमेल करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि आंतररुग्णाच्या नोंदी ३ वर्षं जपाव्या लागतात. "डॉक्टर रजेवर आहेत", "फाईल ऑडिटला गेलीय", "इन्शुरन्सवाले घेऊन गेले" ही तिन्ही उत्तरं मिळतीलच. ती मिळाली तर तीही तारखेसह लिहून ठेवा. दवाखान्याने कागद दिलेच नाहीत, तर ग्राहक आयोग त्यावरून दवाखान्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतो.

सीसीटीव्हीचा मुद्दा अर्जात मुद्दाम घातलाय. जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

फाईल कशी वाचायची

आयसीयूची मोठमोठी पानं पाहून घाबरू नका. आधी नर्सिंग नोट्स काढा, त्यातही मृत्यूच्या आधीची रात्र. रात्री १० ते सकाळी ८ पर्यंतच्या नोंदी एकाखाली एक पाहा. नाडी ८२, ८२, ८४, ८२, श्वास १८, १८, १८, ऑक्सिजन ९८, ९८, ९८, सगळं एकाच शाईत, एकाच दाबाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं, आणि ६.१० ला एकदम "पेशंट प्रतिसाद देत नाही, डॉक्टरांना कळवले." हे जर दिसलं तर तो मुद्दा अधोरेखित करा. मग लॅबचे रिपोर्ट त्या तक्त्याशेजारी ठेवा. पहाटे ४ च्या रक्ततपासणीत ऑक्सिजन घसरलेला दिसतोय आणि तक्त्यात ९८ आहे, तर दोन्ही खरं असू शकत नाही.

तसंच डॉक्टरांच्या नोंदीखाली वेळ आहे का बघा. "पेशंट पाहिला, तेच चालू ठेवा" अशी ओळ वेळेशिवाय असेल तर डॉक्टर कधी आले हे सिद्ध करणं त्यांना जड जातं. संमतीपत्रात रिकाम्या जागा मागाहून भरल्यात का, सही कुणाची, भाषा तुम्हाला कळणारी होती का? हलवताना "डामा", म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय, असं लिहून सही घेतली का? खुद्द दवाखान्याने "आमच्याकडे सोय नाही, घेऊन जा" सांगितलं आणि कागदावर डामा आलं, असं वारंवार घडतं.

रात्रपाळीचा डॉक्टर कोणत्या पदवीचा होता, हेही विचारा. मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. जे शास्त्र शिकलाच नाही त्यात उपचार करणं हाच हलगर्जीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलं.

ओळखीच्या, पण त्या गावाबाहेरच्या एखाद्या डॉक्टरला फाईल दाखवा. लेखी मत देणार नसतील तर निदान तोंडी सांगतील. त्याच गावातले डॉक्टर सहसा बोलत नाहीत, त्यांना तिथेच राहायचं असतं.

कुठे काय मिळतं

सगळीकडे एकाच दिवशी अर्ज टाकायची घाई नको. आधी घरात बसून ठरवा: शिक्षा हवी, भरपाई हवी, डॉक्टरच्या परवान्यावर कारवाई हवी की नेमकं काय झालं ते फक्त कळायला हवं? प्रत्येक ठिकाणी वेगळं मिळतं.

पोलिसांकडे गेलात तर कलम भारतीय न्याय संहितेचं १०६(१). १ जुलै २०२४ आधीची घटना असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०४अ. नव्या कलमात हलगर्जीने मृत्यूला ५ वर्षांपर्यंत कैद आहे, पण नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना घडलं तर २ वर्षांपर्यंत. ही सवलत कलमाच्या शब्दांत डॉक्टरपुरती आहे. वायरिंगकडे दुर्लक्ष करणारं व्यवस्थापन किंवा ऑक्सिजनचा ठेकेदार त्यात बसत नाही.

तक्रार दिली की लगेच अटक होईल अशी अपेक्षा धरू नका. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, हलगर्जी ढोबळ आणि गंभीर हवी. आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत घ्यावं. म्हणून तुमची फाईल सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे जाते. इथेच बहुतेक प्रकरणं थंड होतात. समितीकडे जाणारे कागद पोलीस निवडतात, आणि "उपचार योग्य होते का?" एवढाच मोघम प्रश्न विचारला, तर उत्तरही मोघम येतं. त्याआधी तपास अधिकाऱ्याला तुमचे चार-पाच नेमके प्रश्न लेखी द्या आणि ते समितीला पाठवायची विनंती करा. उदाहरणार्थ: "पहाटे ४ च्या रिपोर्टनंतर डॉक्टर किती वाजता आले? त्या रात्री किती खाटांमागे किती परिचारिका होत्या? आयसीयूत हलवायचा निर्णय कधी झाला?" ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

भरपाईसाठी ग्राहक आयोग. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आहे. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख नाही म्हणून डॉक्टरांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. ती २०२१ मध्ये फेटाळली गेली आणि सर्वोच्च न्यायालयानेही पुढच्या वर्षी तेच कायम ठेवलं. मुदत २ वर्षांची. कुठल्या आयोगात जायचं हे आता तुम्ही किती मागताय यावर अवलंबून नाही, दवाखान्याला किती पैसे दिले त्यावर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. म्हणजे जवळजवळ सगळेच. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. पुण्यात उपचार झाले आणि घर लातूरला असेल तर लातूरला करा. बिलाच्या आणि मेडिकलच्या सगळ्या पावत्या म्हणूनच जपा.

"बाळ कसलं ग्राहक?" असं कुणी म्हणेल. मूल रुग्ण असेल तर ते मूल आणि त्याला नेणारे आई-वडील, दोघेही ग्राहक ठरतात, हे १९९८ पासून ठरलेलं आहे.

सरकारी रुग्णालयात सगळ्यांनाच उपचार फुकट असतील तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा बंद होतो. याउलट, खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात बाकीच्यांकडून पैसे घेतात आणि तुमच्यावर मोफत उपचार झाले, तर तुम्हीही ग्राहक. सरकारी रुग्णालयासाठी दिवाणी दावा असतो (आधी शासनाला २ महिन्यांची नोटीस, आणि मृत्यूच्या भरपाईची मुदत २ वर्षं, हे दोन्ही लक्षात ठेवा) किंवा उच्च न्यायालयात रिट, म्हणजे शासनाविरुद्धची याचिका. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या पोटात नसबंदीच्या शस्त्रक्रियेत कापड राहिलं आणि ती गेली. नेमका कोणत्या डॉक्टरचा हात चुकला हे ठरवता आलं नाही, तरी नोकरांच्या चुकीला राज्य सरकार जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. निकालाचा आधार आजही घेतात. मधली ३३ वर्षं मात्र कुणी भरून दिली नाहीत.

महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ स्थगित करू शकते. पैसे मिळत नाहीत, आणि दवाखान्याच्या मालकावर तिचा अधिकार चालत नाही. दवाखान्याबद्दलची तक्रार, म्हणजे नोंदणी, कर्मचारी, आगीची सोय, शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. ही तक्रार लोक विसरतात. तिची चौकशी झाली तर तिचा अहवाल पुढे पोलिसांकडे आणि ग्राहक आयोगात, दोन्हीकडे कामी येतो. सरकारी चौकशीचा अहवाल माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये.

धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या पेशंटला अनामत रकमेसाठी ताटकळत ठेवलं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडेही जा. त्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

काही मृत्यूंत वेगळं पाहावं लागतं

नवजात बाळ असेल तर पहिला प्रश्न: जन्मल्यावर रडलं होतं का, श्वास घेतला होता का? कागदावर मृतजन्म लिहिलं तर बाळाच्या मृत्यूची चौकशीच उरत नाही. एक मिनिट जरी जगलं असेल तरी जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद व्हायला हवी.

बाळंतीण गेली तर आरोग्य खात्याचं माता मृत्यू अन्वेषण होतं; कर्मचारी घरी येऊन विचारतात. ते कुणाला दोषी ठरवण्यासाठी नसतं. तरी १०८ कधी बोलावली, कधी आली, किती ठिकाणी फिरवलं हे वेळांसह सांगा आणि सांगितलेलं स्वतःकडेही लिहून ठेवा.

मनोरुग्णालयासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. खासगी संस्थांनाही तोच कायदा. एकांतकोठडीत ठेवायला बंदी आहे. बांधून ठेवणं शेवटचा उपाय म्हणूनच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण लिहून. आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं. त्या नोंदी मागा. नोंद नाही पण मनगटावर वळ आहेत, तर एवढ्यावरच मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार होऊ शकते. कैदी रुग्ण उपचार घेताना गेला तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायलाच हवी, आणि मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. तुम्हीही आयोगाकडे जाऊ शकता, वर्षाच्या आत.

नाव कुणाचं घालायचं

तक्रारीत फक्त समोर दिसलेल्या परिचारिकेचं नाव घालू नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली. जिल्हा शल्य चिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला तो दोन परिचारिकांवर. त्या कक्षात नव्हत्या, हे खरं असेलही. पण आग लागल्यावर वाजणारी घंटा, विझवणारी यंत्रणा, विजेची तपासणी या गोष्टी परिचारिकेच्या हातातल्या नसतात. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २०२३ मध्ये २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा प्रश्न आला औषधांचा, रिक्त पदांचा आणि निधीचा.

म्हणून तक्रारीत संस्था, तिचे संचालक किंवा ट्रस्ट, वैद्यकीय अधीक्षक आणि मग उपचार करणारे डॉक्टर असा क्रम ठेवा. सरकारी असेल तर शासन, महापालिकेचं असेल तर महापालिका. भरपाईही संस्थेकडूनच वसूल होते. पंधरा हजार पगाराच्या कंत्राटी परिचारिकेकडून काय मिळणार?

वकील आणि तडजोड

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, फोन १५१००. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही, तरी वैद्यकीय प्रकरणात असलेला बरा. वकील निवडताना पाहा, की तो फाईल उघडून नर्सिंग नोट्स वाचतो की लगेच "एक कोटी मागू" म्हणतो.

तडजोडीचा निरोप येईल, बहुधा पहिल्या महिन्यात आणि तिसऱ्याच माणसामार्फत. घ्यावी की नाही हा तुमचा प्रश्न. कर्ज काढून बिल भरलेल्या घराला कुणी शहाणपण शिकवू नये. फक्त कागद घरी आणून वाचा. "आमची उपचारांबाबत कोणतीही तक्रार नाही व नव्हती" असं वाक्य असेल तर "नव्हती" काढायला लावा. पैसे धनादेशाने घ्या. आणि पोलीस केस चालू असेल तर लक्षात घ्या, हा गुन्हा आपसात मिटवता येण्यासारखा नाही; तो रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. "पैसे घ्या, केस उद्या बंद" असं कुणी सांगत असेल तर त्याला हे विचारा.